बाजाराच्या दिवशीचा खेळ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी धुळ्याहून जळगावला जाणारी एस.टी. पारोळ्याला थांबली. स्टँडवर ती उभी होती. तिच्या हातात पिशवी होती. मी उतरलो नाही. एस.टी. निघाली.

घडलं ते एवढंच. एस.टी. दहा मिनिटं थांबली असेल. पण त्या दहा मिनिटांआधी मी एक सिनेमा पाहिला होता, आणि तो सांगितल्याशिवाय मी का उतरलो नाही हे कुणाला कळणार नाही. सिनेमाचं नाव देत नाही. दिलं तरी कुणाला आठवायचं नाही. तो जळगावला दोन आठवडे चालला, धुळ्याला एक, आणि मग त्याच्या पेट्या पुढे कुठे गेल्या कोण जाणे.

माझे वडील जळगावच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गठाणी उचलायचे. मी चौथीत असताना ते छातीच्या दुखण्यानं गेले. आई त्याच जिनात कापसातली पत्ती वेचायला जायची. आम्ही मेहरूणला राहत होतो. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तिच्या भुवयांवर रुई बसलेली असे आणि ती मला म्हातारी वाटे. मग ती तोंड धुवायची आणि माझी आई व्हायची. आमच्या घरात घड्याळ नव्हतं. जिनाचा भोंगा होता.

जिनाच्या मालकांचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांना दिसेनासं झालं होतं. वाचनाचा नाद मात्र सुटला नव्हता. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी मी मॅट्रिक झालो, आणि मालकांनी आईकडे निरोप दिला की मुलाचं वाचन चांगलं आहे म्हणतात, त्याला दुपारी आबांकडे पाठवा. जिनाच्या मागेच त्यांचं घर होतं. मी ओसरीवर सतरंजीवर बसून वाचायचो, आबा बाजेवर पडून ऐकायचे. कॉलेजची चारही वर्षं मी तिथे वाचलं. आबा पहिल्याच दिवसापासून मला मास्तर म्हणू लागले. मी अडखळलो की म्हणायचे, "मास्तर, आज शब्द गिळतोयस. घरून जेवून आला नाहीस वाटतं." आणि खरंच जेवलेलो नसे.

स्टँडवर होती ती आबांची नात. मॅट्रिकपर्यंत शिकून घरी बसवलेली. ओसरीच्या दाराआड, आतल्या बाजूला, ती तांदूळ निवडत किंवा काही शिवत बसे. दोन महिने मला ती फक्त बांगड्यांच्या आवाजावरून ठाऊक होती. एकदा आतून आवाज आला, "आबा, कालचं शेवटचं पान पुन्हा वाचायला सांगा. मला नीट ऐकू आलं नाही."

आबा म्हणाले, "ऐकू आलं नाही, की आवडलं नाही?"

"आधी ऐकू तर येऊ दे," ती म्हणाली.

मी ते पान पुन्हा वाचलं. त्यानंतर शेवटचं पान नेहमीच दोनदा वाचावं लागे.

त्या घरात चहा दोन प्रकारे येई. पाहुण्यांना कपबशीतून आणि जिनातल्या माणसांना पितळी पेल्यातून. मी जिनातल्या बाईचा मुलगा, मला पेला. त्याचं मला काही वाटत नसे. पेल्यात चहा जास्त मावतो. दुसऱ्या वर्षी एका दुपारी ती स्वतः चहा घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर कपबशी ठेवली. बशीचा आवाज आबांनी ओळखला. "कोण पाहुणा आलाय?" त्यांनी विचारलं. "कुणी नाही," ती म्हणाली, "वाचणारे आहेत." त्या दिवसानंतर पेला आला नाही. घरातल्या इतर कुणाच्या ते ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल तर आबांच्या धाकामुळे कुणी बोललं नाही.

चार वर्षांत आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो ते शाळेच्या एका वहीत मावलं असतं. मी वाचनालयातून पुस्तक आणायचो, आबांना वाचून दाखवायचो, आणि परत करण्याआधी दोन दिवस ते तिच्याकडे राहायचं. पुस्तक परत येई तेव्हा त्यात चिठ्ठी वगैरे काही नसे. आवडलेल्या पानाचा कोपरा ती हलकेच दुमडून पुन्हा सरळ करत असे. ती घडी बोटांना लागायची. मला तेवढं पुरत होतं.

मग मला धुळ्याच्या शाळेत नोकरी लागली. पांझरेकाठी एक खोली भाड्यानं घेतली. खोलीत एक चटई, एक कंदील आणि पुस्तकांची एक पेटी. दिवाळीच्या सुट्टीत जळगावला आलो तेव्हा आबांना भेटायला गेलो. वाचता वाचता आबांना झोप लागली. ती दारात उभी होती. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "मी धुळ्याला खोली घेतली आहे. दोन माणसांना पुरेल."

तिनं आबांकडे बघितलं. मग म्हणाली, "कळवते. पण उघड्या पत्रातून कळवावं लागेल. समजून घ्या."

उघडं पत्र म्हणजे पोस्टकार्ड. त्या घरात आलेलं गेलेलं प्रत्येक पाकीट दिवाणजींच्या हाताखालून जाई. पोस्टकार्ड मात्र सगळेच वाचत, म्हणून त्याचा संशय कुणालाच येत नसे. मी धुळ्याला गेल्यापासून आबा महिन्यातून एकदा मला पोस्टकार्ड धाडत. आबा सांगत, ती लिही. शेवटी जागा उरली तर एखादी ओळ ती आपल्या मनानं घाली. ती ओळ मला लगेच ओळखू येई. आबा पावसाबद्दल आणि कपाशीबद्दल सांगत. ती ओळ पुस्तकाबद्दल असे.

दिवाळीनंतर पाच कार्डं आली. त्यांत उत्तर नव्हतं. मीही विचारलं नाही. सहावं कार्ड चैत्रात आलं. ते माझ्यासमोर आहे. पाऊसपाणी, मालकांचा गुडघा, केळीच्या बागेवर पडलेला रोग, एवढं झाल्यावर खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे: "येथे बायकांच्या खेळास घरातील मंडळी जाऊन आली. तो चित्रपट तिकडे लागेल तेव्हा अवश्य पाहावा. शेवटी त्या मुलीने जे केले तेच योग्य, असे घरातील एका माणसाचे ठाम मत आहे. आखाजीस मुली पारोळ्यास मावशीकडे जाणार. आपण आखाजीस याल तेव्हा वाटेत पारोळे लागतेच."

हेच उत्तर होतं. फक्त ते वाचण्यासाठी मला सिनेमा पाहायला हवा होता.

त्या वेळी सिनेमा एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा. जळगावचे खेळ संपले की रिळांच्या पत्र्याच्या पेट्या एस.टी.च्या टपावर चढत आणि धुळ्याला उतरत. मी रोज शाळेतून येताना टॉकीजवरची पाटी पाहत होतो. आखाजीला नऊ-दहा दिवस उरले तेव्हा पाटी बदलली. उन्हाळ्याची सकाळची शाळा होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी मी गेलो. त्या दिवशी धुळ्याचा बाजार होता. बाजारची माणसं आपापली गाठोडी घेऊनच आत शिरली होती. कांद्याचा आणि मिरच्यांचा वास भरून राहिला होता. माझ्या शेजारी एक म्हातारबाबा, त्यांच्या मांडीवर नव्या कुदळीचं पातं.

एका श्रीमंताचा बंगला. बंगल्यात अकरा घड्याळं. त्यांना किल्ली द्यायला दर शनिवारी एक तरुण येतो. मागच्या दारानं येतो, मागच्या दारानं जातो. मालकाची मुलगी आपल्या खोलीतल्या घड्याळाचा लंबक हातानं धरून ठेवते, म्हणजे घड्याळ बंद पडावं आणि शनिवारची वाट पाहावी लागू नये. त्याच्यावर एक गाणं होतं आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण मला हसू येत होतं. मला त्या दुमडून सरळ केलेल्या कोपऱ्यांची आठवण होत होती.

मग बापाला कळतं. सिनेमातले बाप ओरडतात तसा हा ओरडला नाही. त्यानं त्या तरुणाला पुढच्या दारानं आत बोलावलं, कोचावर बसवलं, चहा पाजला आणि शांतपणे विचारलं की माझी मुलगी तुझ्या घरी आली तर तिला कोणत्या खुर्चीवर बसवशील? तरुण खाली बघत राहिला. त्याच्या घरी खुर्ची नव्हती. माझ्याही घरी नव्हती.

त्यानंतर मुलगी त्याच्या गल्लीत येते. त्यानं आठवण म्हणून दिलेली घड्याळाची किल्ली त्याच्या हातावर ठेवते. गल्लीच्या तोंडाशी बापाची मोटार उभी असते. ती मोटारीत बसते. मोटार जाते, धूळ उडते, वाद्यं वाजतात. दिवे लागले.

'समाप्त' ही अक्षरं आली नाहीत. हे मला तेव्हाही जाणवलं होतं. मी वह्या तपासणारा माणूस. पूर्णविराम राहिला तर माझी पेन्सिल तिथे थांबते. पण त्या दिवशी मी थांबलो नाही. सगळे उठत होते. कुणालाही काही राहून गेलंय असं वाटलं नाही. शेजारचे म्हातारबाबा कुदळ खांद्यावर टाकत म्हणाले, "चांगलं करं पोरनी. बापनं घर ते बापनं घर शे."

त्या मुलीने जे केले तेच योग्य. मी चालत खोलीवर आलो. राग आला नाही. परीक्षेत नापास होणार हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे त्याला निकाल पाहून जसं वाटतं तसं वाटलं. कंदील लावून आबांना पोस्टकार्ड लिहिलं. त्यात शेवटी लिहिलं: "चित्रपट पाहिला. मुलीने केले ते मलाही मान्य आहे. तिचे चुकले असे मी कधीच म्हणणार नाही."

मला वाटलं, मी तिला मोकळं करतोय.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी एस.टी.त बसलो. पारोळं जवळ आलं तेव्हा वाटलं, ती काही स्टँडवर येणार नाही. पण ती होती. सोबत मावसबहीण होती आणि हातात कापडी पिशवी होती. ती एकेक खिडकी बघत येत होती. मला वाटलं, ही तोंडानं नाही म्हणायला आली आहे. तिचा स्वभावच तसा, पोस्टकार्डावर भागवणारी ती नव्हती. तिला अवघड वाटू नये म्हणून मी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. पावलं माझ्या खिडकीखाली थांबली. चपलेत खडा गेला की पाय झटकतात तसा आवाज झाला. कंडक्टरनं घंटी दिली.

आईला मी काही सांगितलं नाही. जळगावला पोचलो तेव्हा ती पुरणाची डाळ निवडत होती. थोड्या वेळानं वर न बघता म्हणाली, "तू पारोळाले उतरना का नही?" मी विचारलं, तुला काय ठाऊक? ती म्हणाली, "माले बठ्ठं समजस." जिनातल्या बायकांना मालकांच्या घरातली प्रत्येक गोष्ट कळते. कोणती मुलगी कुठे गेली, कशासाठी हट्ट करून गेली, सगळं. पुढे कधी तिनं तो विषय काढला नाही.

ज्येष्ठात आबांच्या नातीचं लग्न झालं. भडगावकडचं मोठं घर. पन्नास एकर, मोटार. आईनं मांडवात पत्रावळी मांडल्या. मी शाळेतून रजा मिळाली नाही असं कळवलं. रजा मी मागितलीच नव्हती.

तीन वर्षांनी आखाजीच्या सुट्टीत जळगावला असताना एका टॉकीजवर तीच पाटी दिसली. जुना सिनेमा, रिकाम्या आठवड्यात लावलेला. मी का आत गेलो सांगता येत नाही. दुखरा दात जिभेनं चाचपतो माणूस.

किल्ली परत दिली. मोटार निघाली. धूळ उडाली. मी उठलो. दिवे लागले नाहीत.

मोटार रेल्वेच्या फाटकापाशी थांबते. फाटक बंद आहे. मालगाडी येते, लांबच लांब. ड्रायव्हर पाणी प्यायला उतरतो. मालगाडी निघून जाते तेव्हा मोटारीचं दार उघडं आहे आणि आत कुणी नाही. ती रुळांच्या कडेनं चालत आहे. त्याच्या गल्लीत येते, खोलीत येते. तो गडबडून इकडेतिकडे बघतो, तिला बसवायचं कुठे. ती जमिनीवर बसते. मग ती त्याच्यापुढे हात पसरते आणि तो तिला किल्ली परत देतो. 'समाप्त'.

मी डोअरकीपर हलवीपर्यंत बसून होतो.

सुट्टी संपायच्या आत मी एका दिवसासाठी धुळ्याला जाऊन आलो. धुळ्याच्या त्या टॉकीजचा ऑपरेटर माझ्याच गल्लीत राहत असे. वयस्क माणूस, सगळे त्याला चाचा म्हणत. त्यानं काही लपवलं नाही. बाजाराच्या दिवशी चौथा खेळ बसवायचा असतो, म्हणून प्रत्येक खेळातून एक रीळ काढावं लागतं, असं त्यानं समजावून सांगितलं. मधलं काढलं तर गाणं जातं, आणि गाणं गेलं की लोक बाकडी मोडतात. या सिनेमाच्या शेवटच्या रिळात गाणं नव्हतं. ते काढलं.

"कुणी तक्रार केली नाही?" मी विचारलं.

"एकानंही नाही. मीच घाबरलो होतो. पण ती मोटारीत बसली, बापाकडे गेली, सगळ्यांना पटलं." मग माझ्याकडे बघून हसला. "मास्तर, तुम्ही तर शिकलेले. तुम्ही तरी ओरडायचं होतं."

परत जळगावला आलो आणि आबांकडे गेलो. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, माहेरी आलेल्या मुली गात होत्या. तीही आली होती. मांडीवर दीड वर्षाची मुलगी. आबा आता फार थकले होते. मी दोन पानं वाचली आणि त्यांना झोप लागली. मुलीला झोक्यावरच्या कुणाच्या तरी हाती देऊन ती ओसरीवर आली. दारात नाही, ओसरीवर. लग्न झालेल्या लेकीला तेवढी मोकळीक असते.

"त्या दिवशी पेपरात काय होतं?" तिनं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. बाजार, चौथा खेळ, काढलेलं रीळ. सांगताना मला वाटत होतं की हे कळल्यावर तिचं ओझं हलकं होईल. दोष माझा नव्हता, तिचा नव्हता, एका पत्र्याच्या पेटीचा होता. मी संपवलं तेव्हा म्हणाली, "आणि तुम्हाला ते खरं वाटलं?"

"सगळ्यांनाच वाटलं. अख्ख्या थिएटरला."

"मी थिएटरचं विचारत नाहीये."

मी खाली बघत राहिलो, त्या सिनेमातल्या तरुणासारखा.

"रीळ नव्हतं, ते जाऊ दे," ती म्हणाली. "पण चार वर्षं दाराआड बसले मी. शेवटचं पान दोनदा वाचून घ्यायचे. आणि ती मोटारीत बसून गेली, हे तुम्हाला माझ्याबद्दल खरं वाटलं." मग म्हणाली, "त्यानंतर जळगावकडून तीन एस.टी. आल्या. तिन्ही बघितल्या. वाटलं, पुढच्या गावाला उतरून परत याल."

तेवढ्यात नवी कामवाली बाई चहा घेऊन आली. तिला मी कोण ते ठाऊक नव्हतं, पण कपड्यांवरून तिनं ओळखलं असावं. माझ्यासमोर तिनं पितळी पेला ठेवला. आबांच्या नातीनं पेल्याकडे बघितलं. मला वाटलं, ती बाईला काही म्हणेल. ती काही म्हणाली नाही. मी चहा प्यायलो. झोक्यावरून तिची मुलगी रडायला लागली आणि ती उठून गेली.

त्या दिवशी मला जे कळलं ते मी इतक्या वर्षांत कुणापाशी बोललो नाही. पेल्यातला चहा मला कधी टोचला नाही, याचा मला अभिमान होता. पण तो टोचत नव्हता, कारण तो माझाच आहे असं मी मानलं होतं. कपबशी समोर आली तरी माझा हात पेल्याच्याच शोधात होता. त्या टॉकीजमधल्या सगळ्यांना तो शेवट पटला, कारण त्यांना दुसरा शेवट ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता. माझ्या हातात तिचं पोस्टकार्ड होतं.

पुढच्या श्रावणात आबांचं कार्ड आलं. अक्षर दिवाणजींचं होतं. भडगावास दुसऱ्या बाळंतपणात ताप येऊन ती गेली, मूल वाचले, असं लिहिलं होतं. खाली जागा बरीच उरली होती. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. मी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं.

माघात आबा गेले. जिन दुसऱ्यांनी घेतलं. आईला मी धुळ्याला आणलं. दोन वर्षं माझ्याजवळ राहून तीही गेली. सुट्टीत जळगावला जायचं आता काही कारण नाही. तरी आखाजीच्या आदल्या दिवशी मी एस.टी.नं पारोळ्यापर्यंत जातो. उतरतो, स्टँडवर थोडा वेळ उभा राहतो आणि पुढच्या गाडीनं परत येतो.

चैत्रातलं ते पोस्टकार्ड माझ्याजवळ आहे. खोली तीच आहे. तिच्यात खुर्ची नाही.